रोजगारातील भेदभाव व कामगारसंरक्षण

कामाची पात्रता अंगी असूनही जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान यांसारख्या कारणांवरून एखाद्या व्यक्तीस कामावर न घेणे, किंवा घेतल्यानंतर वेतन, बढती, प्रशिक्षण, सेवेच्या शर्ती व सेवासमाप्ती यांबाबत तिला इतरांहून वेगळे व कमी लेखणे, यास रोजगारातील भेदभाव असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९५८ साली संमत केलेल्या १११ क्रमांकाच्या संकेतात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ ही भेदभावाची कारणे नमूद केली आहेत. एखाद्या विशिष्ट कामाच्या अंगभूत गरजेतून जो फरक करावा लागतो, तो या संकेतानुसार भेदभाव ठरत नाही. भारताने या संकेतास १९६० साली मान्यता दिली. समान मूल्याच्या कामाबद्दल स्त्री-पुरुषांना समान मोबदला देण्याविषयीचा १९५१ चा संकेत भारताने त्यापूर्वीच, १९५८ साली, स्वीकारला होता.

महाराष्ट्रातील या प्रश्नाचा इतिहास या संकेतांहून पुष्कळ जुना आहे. गावगाड्यातील जन्मसिद्ध श्रमविभागणी, मुंबईच्या कापडगिरण्यांतील खातेनिहाय भरती, रेल्वेतील नोकऱ्या, दुष्काळी कामे आणि आधुनिक कार्यालये अशा टप्प्यांतून तो पाहावा लागतो. या सर्व टप्प्यांत एक गोष्ट समान आढळते : भेदभाव मजुरीच्या दरापेक्षा कामात होणाऱ्या प्रवेशाच्या वेळी अधिक घडतो, आणि जेथे भरतीची व कामाची लेखी नोंद असते तेथेच कायद्याला तो पकडता येतो.

ग्रामीण पूर्वपीठिका : हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील कुरुंदा हे गाव मराठवाड्यातील अशा गावांचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणून घेता येईल. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यानंतर हैदराबाद राज्यात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत तो परभणी जिल्ह्यात मोडत असे. या भागातील पारंपरिक गावव्यवस्थेत काम हा दोन पक्षांनी केलेला करार नव्हता. कोणी कोणते काम करावे, हे जन्माने ठरलेले असे. गावकीची कामे, निरोप पोचविणे, मेलेली जनावरे ओढणे ही महारांकडे आणि दोर वळणे, केरसुण्या करणे ही मातंगांकडे असत. सरकारी अंमलदाराचे ओझे वाहण्यासारखी कामे वेठीने, म्हणजे मोबदल्याविना, करून घेतली जात. त्यांना कामाचा परतावा खळ्यावरील बलुत्याच्या रूपाने मिळे. तो रूढीने ठरलेला असे आणि त्याविषयी दाद मागण्याची सोय नसे.

शेतीवरील कायम मजूर म्हणजे सालगडी. त्याचे साल गुढीपाडव्याला सुरू होऊन पुढील पाडव्याला संपे. सालाची रक्कम, धान्य व उचल यांचा ठराव बहुधा तोंडी होई. उचल फिटली नाही तर गडी पुढील सालासाठी त्याच घरी अडकून पडे. कर्जापोटी श्रम गहाण टाकण्याच्या अशा व्यवहारांवर नियंत्रण आणण्यासाठी हैदराबाद संस्थानाने १९३६ साली भगेला करारांविषयीचा विनियम केला. भगेला पद्धती प्रामुख्याने तेलंगणात रूढ होती. ऋणापोटीच्या श्रमाला कायद्याने मर्यादा घालण्याचा या प्रदेशातील हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

शेतमजुरीत स्त्री व पुरुष यांची कामे वेगळी मानली जात. नांगरणी, वखरणी, पाळी घालणे ही पुरुषांची कामे. निंदणी, खुरपणी, कापूसवेचणी ही स्त्रियांची. बायकांची रोजंदारी पुरुषांपेक्षा कमी असे. तिचे समर्थन कामाच्या वेगळेपणावरून केले जाई. कामे आधी विभागून ठेवावीत व मग विभागणीच्या आधारे मजुरीतील तफावत योग्य ठरवावी, ही रीत पुढे गिरण्यांत व कार्यालयांतही दिसून येते.

कापडगिरण्या व विणाई खात्याचा प्रश्न : मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणी कंपनीची स्थापना झाली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत गिरणी कामगारांची संख्या सुमारे दीड लाखावर गेली होती. भरती मुख्यतः जॉबर किंवा मुकादम यांच्या हाती असे. स्त्रियांच्या खात्यांवर नाईकिणी नेमलेल्या असत. मुकादम आपल्या नात्यागोत्यातील, गावाकडील व जातीतील माणसे भरी आणि कामाच्या मोबदल्यात दस्तुरी घेई. १९२९ साली नेमलेल्या शाही श्रम आयोगानेही या पद्धतीवर टीका केली.

या भरतीपद्धतीचा ठळक परिणाम विणाई खात्यात दिसे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना कताई विभागात, विशेषतः कमी मजुरीच्या रिंग खात्यात, काम मिळे. परंतु अधिक मिळकतीच्या विणाई खात्याचे दार त्यांना बंद होते. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी बसवून तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या हाती जात असल्याने सवर्ण विणकर अस्पृश्य कामगाराबरोबर काम करण्यास नकार देत. हा निर्बंध कोणत्याही गिरणीच्या नियमपुस्तकावर विसंबलेला नव्हता. सहकामगारांचा विटाळ, मुकादमाची मर्जी आणि मालकांची उदासीनता यांवर तो टिकून होता.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. संयुक्त संप समितीने मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या. विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश मिळावा या मुद्द्याचाही संपनेत्यांनी पुरस्कार करावा, असा आग्रह भीमराव रामजी आंबेडकर यांनी धरला. अन्यथा आपल्या अनुयायांना संपापासून दूर राहण्यास सांगू, असेही त्यांनी बजावले. नेत्यांनी हा मुद्दा अनिच्छेनेच उचलला. मालकांपुढे तो आला तेव्हा, हा अन्याय असेल तर त्याचे उत्तरदायित्व आपल्याकडे नाही, असे त्यांनी सुनावले, असा उल्लेख आंबेडकरांनी पुढे केला आहे. संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीने (१९२८–२९) वेतन व कामाच्या शर्तींचा विचार केला, तरी विणाई खात्याची रूढी तेवढ्याने मोडली नाही. तथापि कामगारांच्या आपापसांतील भेदभाव हाही मालक-मजूर संघर्षाइतकाच श्रमाचा प्रश्न आहे, हे या प्रसंगाने प्रथमच स्पष्टपणे मांडले गेले.

मनमाड परिषद : याच विचाराची पुढील मांडणी १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे भरलेल्या जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत झाली. मराठवाड्यातून परभणी, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या मार्गाने येणारी निजामाची रेल्वे मनमाड येथेच जी. आय. पी. रेल्वेला मिळत असे. परिषदेच्या अध्यक्षपदावरून आंबेडकरांनी ब्राह्मण्य व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा अभाव, असा खुलासाही त्यांनी केला. रेल्वेतील उदाहरण देताना त्यांनी दाखवून दिले की, अस्पृश्य कामगार बहुधा रुळांवरील टोळीत गँगमन म्हणूनच राहतो. स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामेही करवून घेत असल्याने अस्पृश्याला हमाल म्हणूनसुद्धा घेतले जात नाही. नोकरीच्या लिखित कर्तव्यांत नसलेले घरकाम अशा रीतीने भरतीची अलिखित पात्रता बनले होते.

राखीव जागा व संविधान : शासकीय सेवेतील प्रवेशाचा प्रश्न राखीव जागांच्या मार्गाने सोडविण्याचा प्रारंभ कोल्हापूर संस्थानात झाला. छत्रपती शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य असताना (१९४२–४६) केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी १९४३ साली ८ १/३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या.

२६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाने या प्रश्नाला मूलभूत हक्कांचे अधिष्ठान दिले. अनुच्छेद १६ अन्वये राज्याच्या नियंत्रणाखालील सेवायोजनात सर्व नागरिकांना समान संधी असून धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास या कारणांवरून भेदभाव करता येत नाही. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, २३ ने वेठबिगारीस मनाई केली, तर ३९ (घ) मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामाबद्दल समान वेतन हे राज्यधोरणाचे निदेशक तत्त्व ठरविले. मात्र अनुच्छेद १६ राज्यावर बंधनकारक आहे. खाजगी मालकास तो थेट लागू होत नाही. खाजगी क्षेत्रापर्यंत पोचणारे संरक्षण अस्पृश्यताविरोधी कायद्यातून आले. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून एखाद्यास व्यवसाय वा धंदा करण्यास प्रतिबंध करणे हा गुन्हा ठरविला. १९७६ च्या दुरुस्तीनंतर त्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले, कोणत्याही नोकरीतील प्रतिबंधाचा त्यात समावेश झाला आणि सफाई, मेलेली जनावरे ओढणे व कातडे सोलणे अशी कामे सक्तीने करविणे अस्पृश्यतेचे पालन मानले गेले. गावगाड्यातील जुनी सक्ती अशा रीतीने नावानिशी कायद्याच्या कक्षेत आली. [⟶ अस्पृश्यता, वेठबिगार].

स्त्री कामगार : मुंबईच्या गिरण्यांत १९२० च्या दशकात सुमारे एक-पंचमांश कामगार स्त्रिया होत्या. १८९१ च्या कारखाने अधिनियमाने त्यांच्या कामाच्या तासांवर मर्यादा घातली, १९११ च्या अधिनियमाने रात्रपाळीस मनाई केली व १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. हे कायदे स्त्रियांच्या हितासाठी होते. परंतु दोन-तीन पाळ्यांत चालणाऱ्या गिरण्यांना दिवसाच काम करू शकणाऱ्या आणि प्रसूतिलाभ द्यावा लागणाऱ्या स्त्रिया गैरसोयीच्या वाटू लागल्या. यंत्रांत व कार्यपद्धतीत झालेल्या बदलांनी स्त्रियांची खातीही आकुंचित केली. पुढील अर्धशतकात गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण अगदी अल्प राहिले. संरक्षणाचा खर्च एकट्या मालकावर टाकला व प्रवेशाची हमी दिली नाही, तर संरक्षणच वगळण्याचे कारण ठरते, हा या इतिहासाचा बोध आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईतील काही वादांनी भारतीय श्रमविधीस महत्त्वाची वळणे दिली. एका औषधनिर्मिती कंपनीच्या वेष्टन विभागात अविवाहित स्त्रीने विवाह करताच तिची नोकरी संपुष्टात येई. हे काम गटाने करावयाचे असून विवाहित स्त्रिया अधिक गैरहजर राहतात, असे कंपनीचे म्हणणे होते. बॉम्बे लेबर युनियनने लढविलेल्या या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली हा नियम रद्द ठरविला. विवाहित स्त्रिया अविवाहितांपेक्षा किंवा विधवांपेक्षा अधिक गैरहजर राहतील असे मानण्यास आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९८१ च्या एअर इंडिया खटल्यात हवाई सेविकेला पहिल्या गरोदरपणातच निवृत्त करण्याचा नियम अवैध ठरला. तथापि नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत विवाह न करण्याची अट न्यायालयाने मान्य केली.

१९७५ च्या वटहुकमाचे रूपांतर होऊन १९७६ साली समान वेतन अधिनियम झाला. एकाच किंवा सारख्या स्वरूपाच्या कामासाठी स्त्रीस कमी वेतन देण्यास, तसेच भरतीत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली. १९८७ च्या दुरुस्तीने बढती, प्रशिक्षण व बदली यांचाही त्यात अंतर्भाव झाला. त्याच वर्षी मुंबईतील मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखालील लघुलेखिकांचे काम पुरुष लघुलेखकांच्या कामासारखेच आहे. कामगार संघटनेशी झालेला करार किंवा कंपनीची आर्थिक अडचण ही कमी वेतनाची सबब होऊ शकत नाही. या वादांत कामगार स्त्रियांच्या हाती काही ना काही लेखी आधार होता : कुठे सेवानियम, कुठे वेतनश्रेणी. विणाई खात्याबाबत १९२८ साली तसे काही नव्हते.

महाराष्ट्र शासनाने १९७१ साली कामगार संघांना मान्यता देणे व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणे यासाठी स्वतंत्र अधिनियम केला. तो १९७५ पासून अंमलात आला. संघाचे सदस्यत्व हे कारण धरून भेदभाव करणे आणि गुणवत्तेचा विचार न करता कामगारांच्या एका गटास झुकते माप देणे या गोष्टी त्याने अनुचित प्रथांत गणल्या. पुढे १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी मजुराच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, काम करण्यास सक्षम असलेल्या व इतरांना धोका नसलेल्या व्यक्तीस केवळ एचआयव्ही संसर्गामुळे कामापासून वंचित ठेवता येत नाही. हे तत्त्व २०१७ च्या केंद्रीय अधिनियमात खाजगी मालकांसह सर्वांना लागू करण्यात आले. विकलांग व्यक्तींसंबंधीचा २०१६ चा आणि तृतीयपंथी व्यक्तींसंबंधीचा २०१९ चा अधिनियम याच दिशेचे आहेत.

रोजगार हमी योजना : ग्रामीण स्त्रीच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी बदल न्यायालयांतून न येता दुष्काळी कामांतून आला. वि. स. पागे यांच्या संकल्पनेतून साकारलेली ही योजना १९७२ पासून राज्यात राबविली जाऊ लागली. १९७२–७३ च्या भीषण दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्रिया खडी फोडणे, बांधबंदिस्ती, पाझर तलाव व रस्ते यांच्या कामांवर होत्या. विधिमंडळाने १९७७ साली संमत केलेला रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. मागेल त्यास काम देण्याचे उत्तरदायित्व शासनाने पत्करल्याने निवड करणारा मुकादम या योजनेत उरला नाही. मजुरी कामाच्या मोजमापावर व स्त्री-पुरुषांना एकाच दराने देण्याचे ठरले. हजेरीपत्रकावर स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे चढू लागले. पाणी, सावली व मुलांसाठी पाळणाघर यांची तरतूद करण्यात आली. अंमलबजावणीत उशिरा मिळणारी मजुरी, खोटी हजेरी असे दोष होतेच. तरीही शेतमालकाकडे ठरणाऱ्या रोजंदारीला एक पर्याय मिळाला आणि मजूर स्त्रीला घासाघीस करण्याचे बळ आले. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्रातील हा अनुभव देशभर नेला व लाभार्थ्यांत किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात असे ठरविले.

उणिवा व आधुनिक स्थिती : अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात (१९८९) २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने व्यवसाय वा नोकरीत अडथळा आणणे आणि आर्थिक बहिष्कार टाकणे हे गुन्हे ठरविले. तरीसुद्धा खाजगी क्षेत्रात उमेदवाराची निवड का झाली नाही, हे सिद्ध करणे कठीण असते. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात व समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या वृत्तपत्रीय जाहिरातींना समान पात्रतेचे, पण वेगवेगळ्या जाति-धर्मसूचक नावांचे अर्ज पाठविले होते. दलित नावाच्या अर्जदारास बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश, तर मुस्लिम नावाच्या अर्जदारास सुमारे एक-तृतीयांश आढळली. विणाई खात्यातील प्रतिबंध सर्वांना ठाऊक होता. अर्जाच्या ढिगाऱ्यातील प्रतिबंध प्रयोगावाचून दिसतही नाही.

असंघटित क्षेत्रात नोंदीचा अभाव याहून तीव्र आहे. मराठवाड्यातील ऊसतोडणीत पती व पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा पतीच्या नावे असते. तोडणे, मोळ्या बांधणे, वाहून नेणे ही कामे स्त्री करते, परंतु तिची वेगळी मजुरी कोठेच लिहिली जात नाही. जेथे तिचे वेतनच स्वतंत्र नाही, तेथे समान वेतनाची तुलना कशाशी करावी, असा पेच निर्माण होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आल्यावर २०१९ साली राज्य शासनास चौकशी समिती नेमावी लागली. खाडा झाल्यास दंड भरावा लागण्याची भीती या प्रश्नाच्या मुळाशी असल्याचे त्या वेळी अनेक स्त्रियांनी सांगितले.

२०१९ च्या वेतन संहितेने समान वेतन अधिनियमाची जागा घेतली असून ती इतर तीन श्रमसंहितांसह २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. वेतन व भरती यांत लिंगभेदास तिने मनाई केली आहे. व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेने (२०२०) स्त्रियांना त्यांच्या संमतीने रात्रपाळीत काम करण्याची मुभा दिली आणि प्रत्येक कर्मचाऱ्यास नियुक्तिपत्र देणे मालकावर बंधनकारक केले. मात्र ही संहिता सामान्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. पाडव्याला ठरणारे साल, हळदीच्या किंवा कापसाच्या शेतातील रोजंदारी आणि कोयत्याची उचल हे व्यवहार बव्हंशी तिच्या बाहेर, तोंडी शब्दावरच राहतात. कुरुंद्यासारख्या गावातील मजुराच्या दृष्टीने संरक्षणाचा पुढील टप्पा या व्यवहारांत मजुराचे, आणि त्यातही मजूर स्त्रीचे, नाव व मजुरी लेखी येण्यावर अवलंबून आहे.